टाईमटेबल तीन दिवसांत का मोडतं, आणि त्याऐवजी वहीत काय लिहायचं

एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स, पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), स्टेट बोर्ड आणि एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा. सकाळी डोंबिवलीत कॉलेज, आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी ठाण्याला क्लास. जूनपासून चार वेळा टाईमटेबल केलं, पहाटे ५ ते रात्री ११, तासागणिक. प्रत्येक वेळी तीन-चार दिवसांत मोडलं. मग दोन दिवस रुखरुखीत जातात आणि रविवारी नवा तक्ता. ‘माझ्यात शिस्तच नाही का?’

शिस्तीचं नंतर बघू. आधी त्या तक्त्याकडे बघ. ‘८.३० ते १० फिजिक्स’ असं लिहिलंस की एका ओळीत तू दोन वचनं देऊन बसतेस. साडेआठला बसेन हे एक, आणि दीड तासात ते काम उरकेल हे दुसरं. पहिलं लोकलच्या हातात आहे, दुसरं त्या प्रकरणाच्या. जुलैत रुळांवर पाणी आलं, क्लास अर्धा तास लांबला, घरी पाहुणे आले, की साडेआठची ओळ गेली. आणि तासांच्या तक्त्यात एक ओळ गेली की खालच्या सगळ्या जातात, कारण मध्ये मोकळी जागाच नसते.

दुसऱ्या वचनाची गोष्ट तर आणखी वाईट आहे. स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस हटकून कमी सांगतो. १९९४ साली बुएलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की किती दिवसांत पूर्ण कराल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ‘सगळंच बिनसलं तर किती?’ याचं उत्तरही ४९ च्या आसपास होतं, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. तुझा तक्ता चार वेळा मोडला यात नवल काहीच नाही.

तेव्हा घड्याळ वाटून घेणं सोड आणि काम वाटून घे. त्यासाठी एक माप लागतं. तास हे माप मोठं आहे आणि फसवं आहे, तासात निम्मा वेळ पेन शोधण्यात गेला तरी तो तासच. त्याऐवजी ‘बैठक’ धर: ४० मिनिटं काम, फोन दुसऱ्या खोलीत, मग १० मिनिटं उठून पाणी, चालणं. फ्रान्सेस्को चिरिलो यांची २५ मिनिटांची पोमोडोरो पद्धत प्रसिद्ध आहे, पण मॅथ्सचं एखादं वाकडं इंटिग्रेशन सोडवताना पंचविसाव्या मिनिटाला घंटा वाजली की जमलेला धागा तुटतो. पाठांतराला २५ चालतील. गणितं सोडवायला ४० बरे.

पहिले सात दिवस काहीही ठरवू नकोस, फक्त मोज. रोज रात्री वहीत एक आकडा: आज खऱ्या बैठका किती झाल्या. क्लासमध्ये बसलेला वेळ यात धरायचा नाही, तो शिकवण्याचा वेळ आहे, अभ्यासाचा नाही. तुझ्या वेळापत्रकात हिशेब साधारण असा येईल: क्लासच्या चार दिवशी कॉलेजहून आल्यावर १ आणि रात्री २, म्हणजे रोजच्या ३, बुधवारी आणि शनिवारी ५, रविवारी ६. एकूण २८. हा आकडा पाहून हुरूप येतो आणि नेमकी तिथेच चूक होते. २८ पैकी २० च कामाला लाव. उरलेल्या ८ मोकळ्या ठेव. त्या आरामासाठी नाहीत. आठवड्यात जे सांडेल ते तिथे भरायचं. कुठल्या वारी मोकळ्या ठेवायच्या? निम्म्या तरी बुधवारी आणि रविवारी. सगळ्या रविवारी ठेवल्यास तर सोमवारी अडलेलं काम सहा दिवस कुजत पडतं.

आता दुसरी बाजू, काम किती आहे. बोर्डाच्या पुस्तकांत फिजिक्सची १६ प्रकरणं, केमिस्ट्रीची १६, मॅथ्सची दोन भाग मिळून १५. एकूण ४७. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेर साधारण २८ आठवडे. त्यातून गणपतीचा एक, दिवाळीचा एक, सहामाहीचे दोन, आणि आजारपण वगैरेला एक असे पाच वजा केले की उरतात २३. म्हणजे आठवड्याला दोन प्रकरणं, आणि ४७ वं उरतंच. ग्रीन केमिस्ट्रीसारखं छोटं प्रकरण कुठल्या तरी मोकळ्या बैठकीत मावतं. ही वजाबाकी आत्ताच कर. गणपतीत कोकणात जायचं ठरलेलं असताना त्या आठवड्यावर इंटिग्रेशन लिहून ठेवायचं आणि मग तिथे आरतीला उभं राहून मनातल्या मनात चडफडायचं, याला नियोजन म्हणत नाहीत. त्या आठवड्यात नवीन प्रकरण शून्य. पिशवीत फक्त ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या रिअॅक्शन्सचे कागद आणि फॉर्म्युल्यांची वही.

डिसेंबरअखेर का, तर पुढे वेळ दिसतो तेवढा नसतो. २०२४ मध्ये बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती, २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला. प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. जानेवारी हा नवीन शिकण्याचा महिना धरलास तर जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, पूर्ण करण्यातच तो संपतो.

दोन प्रकरणांना बैठका किती? इथे प्रकरण उघडून बघावं लागतं. फिजिक्सचं पहिलं, रोटेशनल डायनॅमिक्स घे. क्लासची वही आणि पुस्तक समोर ठेवून वाचणं आणि फॉर्म्युले एका पानावर उतरवणं: १ बैठक. सोडवलेली उदाहरणं उत्तर झाकून करणं आणि स्वाध्यायातली न्यूमरिकल्स: २, आणि बँकिंग (वळणावरचा तिरका रस्ता) व व्हर्टिकल सर्कल यांत घोडं अडलं तर ३. डेरिव्हेशन्स, म्हणजे सूत्रांच्या सिद्धता, पुस्तक मिटून लिहून काढणं, पॅरलल अॅक्सिस थिअरमपासून रोलिंगपर्यंत: १. एमसीक्यू, म्हणजे पर्यायी प्रश्न: १. बोर्डाला डेरिव्हेशन पायरीपायरीने लिहून दाखवावं लागतं आणि सीईटीला नुसता पर्याय निवडायचा असतो, म्हणून ही दोन कामं वेगळ्या बैठकांत असावीत. एकत्र केली की हटकून डेरिव्हेशनच राहतं. हे झाले ५-६. दोन प्रकरणांचे जास्तीत जास्त धरून १२.

सगळी प्रकरणं सारखी नसतात हे मात्र लक्षात ठेव. इनडेफिनिट इंटिग्रेशन १० बैठका सहज खातं, सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स प्रत्येकाला वेगळा सराव लागतो. लिनिअर प्रोग्रॅमिंग ३ मध्ये होतं. म्हणून जोड्या लावताना जाड्याबरोबर बारीक. इंटिग्रेशनबरोबर इलेक्ट्रोकेमिस्ट्री लावलीस तर तो आठवडा बुडालाच म्हणून समज. क्लासचा क्रम सहसा आपल्या हातात नसतो. तेव्हा क्लासच्या मागे एका प्रकरणापेक्षा जास्त राहायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

२० पैकी १२ अशा गेल्या. ५ उजळणीला, ३ भाषा आणि जर्नलला. भाषेला बैठक देताना पोरं नाकं मुरडतात, पण बोर्डाच्या टक्केवारीत इंग्रजीचे मार्क तेवढेच मोजले जातात.

उजळणीच्या ५ बैठकांबद्दल थोडं सविस्तर, कारण लवचिक नियोजनात पहिला बळी यांचाच जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं पहिल्या दिवसांत सर्वांत वेगाने विसरतं, मग उतार कमी होत जातो. म्हणून प्रकरण झालं की दुसऱ्या दिवशी, साधारण आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी अशा तीन उजळण्या. तारखा अशाच हव्यात असं नाही, दोन दिवस इकडेतिकडे चालतं. पण उजळणी म्हणजे वाचणं नव्हे. कोरा कागद घ्यायचा, वर प्रकरणाचं नाव, आणि १५ मिनिटं आठवेल ते लिहायचं: फॉर्म्युले, व्याख्या, डेरिव्हेशनच्या पायऱ्या. मग पुस्तक उघडून लाल पेनने जे राहिलं ते भरायचं. पुढच्या वेळी फक्त लाल भाग. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्याने विचारल्यावर आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. एका बैठकीत असे दोन कागद होतात, म्हणजे आठवड्याला दहा.

एवढं झालं की रोजचं नियोजन रात्रीच्या दहा मिनिटांचं काम. झोपण्याआधी वहीच्या एका पानावर उद्याच्या बैठका. सकाळी ठरवायला घेऊ नकोस, सकाळी ठरवताना मन सोप्याकडे झुकतं. कामाचे तीन प्रकार धर: जड म्हणजे नवीन उदाहरणं, डेरिव्हेशन, मध्यम म्हणजे एमसीक्यू, कोरा कागद, हलकं म्हणजे रिअॅक्शन्स लिहिणं, जर्नल, फॉर्म्युल्यांचं पान. रोज किमान एक जड. मग दिवस जसा उलगडेल तसं उचलायचं. क्लासहून ताजी आलीस तर जड, लोकलमध्ये उभं राहून पाय गेले असतील तर हलकं. लवचिकपणा तो एवढाच. काय करायचं ते ठरलेलं, केव्हा ते मोकळं.

एका क्लासच्या दिवसाचं पान असं दिसेल:

मंगळवार, ३ बैठका
जड: रोटेशनल, बँकिंगची ४ न्यूमरिकल्स, उत्तर झाकून. अंदाज १, लागल्या २.
मध्यम: सॉलिड स्टेट कोरा कागद, तिन्ही पॅकिंग एफिशियन्सी. अंदाज १, लागली १.
हलकं: मॅथेमॅटिकल लॉजिक, ट्रुथ टेबल्स ५. राहिलं. •
पाय: जेवणं झाल्यावर ताट उचललं की थेट टेबलाशी.

चार ओळी, पण प्रत्येकीला कारण आहे. ‘फिजिक्स करणे’ असं कुठेही लिहिलेलं नाही, कारण ते कधी संपलं हे कळतच नाही आणि न संपणारं काम टाळलं जातं. काम असं लिहायचं की संपल्यावर त्यावर रेघ मारता यावी. ‘अंदाज’ आणि ‘लागल्या’ हे दोन आकडे तीन आठवडे लिहिलेस की प्रत्येक विषयाचा तुझा स्वतःचा गुणक मिळतो. एखादीला केमिस्ट्रीचा अंदाज बरोबर येतो आणि मॅथ्सला दीडपट लागतं. पुढच्या महिन्यात मॅथ्सच्या अंदाजाला दीडने गुणूनच लिहायचं, मनाला विचारायचं नाही. ‘पाय’ म्हणजे घड्याळाच्या वेळेऐवजी रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधलेली सुरुवात. साडेआठ टळतात, जेवण टळत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी ‘अमुक घडलं की तमुक करीन’ अशा ठरावांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या ‘मी अभ्यास करीन’पेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात.

आणि तो टिंब. काम राहिलं की त्याच्यापुढे टिंब देऊन ते मोकळ्या बैठकांच्या यादीत टाकायचं, उद्याच्या पानावर नाही. उद्याच्या ३ बैठका उद्याच्या कामाच्या आहेत. कालचं आज, आजचं उद्या अशी उसनवारी सुरू झाली की गुरुवारपर्यंत पानावर ९ कामं जमतात आणि शुक्रवारी वहीच उघडत नाही. तासांचं टाईमटेबल मोडतं त्याच कारणाने ही वहीसुद्धा मोडते.

एकाच कामापुढे तीन टिंबं आली तर आळस म्हणून सोडून देऊ नकोस, तिथे काहीतरी अडलेलं असतं. बहुधा काम फार मोठं असतं, तेव्हा त्याचे दोन तुकडे. किंवा संकल्पनाच कळलेली नसते, तेव्हा त्या कामाच्या जागी ‘सरांना बाय पार्ट्समध्ये कुठला फंक्शन आधी घ्यायचा ते विचारणे’ असं पाच मिनिटांचं काम लिहायचं. तिसरी शक्यता अशी की ते काम आत्ता गरजेचंच नाही, मग खोडून टाक. खोडायलाही शिकावं लागतं.

लवचिक पद्धतीत हमखास होणारा बिघाड म्हणजे आवडता विषय सगळ्या बैठका गिळतो. तीन आठवड्यांनी मोजलं तर ऑर्गॅनिक चमकत असतं आणि व्हेक्टर्सना हात लागलेला नसतो. यावर साधा नियम: कुठल्याही विषयात सलग दोनपेक्षा जास्त दिवस खंड नाही. आणि मॅथ्स आठवड्यात किमान पाच दिवस, अर्धी बैठक का होईना. गणिताचा हात बसलेला असावा लागतो, हे सीईटीचा हिशेब बघितला की पटतं. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद, आणि प्रत्येकी २ मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे ५४ सेकंद. सुरुवातीला एमसीक्यूला याच्या दुप्पट वेळ दे, डिसेंबरपासून कमी करत आण. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे वेगाला इथे जेईईपेक्षा जास्त मोल आहे. अकरावीच्या भागातून साधारण २० टक्के प्रश्न येतात. ते दिवाळीनंतरच्या मोकळ्या बैठकांत, एकेक प्रकरण करून.

काही दिवस साफ वाया जातातच. ताप, घरचं कार्य, महापूर. त्यासाठी ‘किमान दिवस’ आधीच लिहून ठेव, वहीच्या मागच्या पानावर: १ डेरिव्हेशन आणि १० एमसीक्यू, २० मिनिटांत होईल असं. तो झाला की दिवस धरला जातो. एवढ्याने पोर्शन संपत नाही, पण दुसऱ्या दिवशी वही उघडताना हात जड होत नाही. आठवड्यात तीनपेक्षा जास्त किमान दिवस आले तर २० चा आकडाच चुकलाय, पुढच्या आठवड्यात तो १६ कर आणि दोन आठवड्यांनी पुन्हा वाढव.

रविवारी रात्री अर्धा तास हिशेब. किती बैठका झाल्या, कुठली प्रकरणं संपली, टिंबं किती. मोकळ्या ८ बैठकांनंतरही जे उरलं त्यातलं महत्त्वाचं पुढच्या आठवड्याच्या मोकळ्यांत, बाकीचं सोडून द्यायचं. चार रंगांची पेनं, अॅपवरचे आलेख वगैरे काही लागत नाही. नियोजनालाच रोज पाऊण तास लागत असेल तर ते अभ्यास टाळण्याचं सभ्य रूप आहे.

घरच्यांची अडचण वेगळी असते. भिंतीवर तक्ता नाही म्हणजे पोरगी वाऱ्यावर, असं त्यांना वाटतं. रोज ‘आज किती झालं?’ हा प्रश्न आला की लवचिकपणाचा जीव जातो, कारण मंगळवारच्या ३ आणि बुधवारच्या ५ बैठका त्यांच्या हिशेबात बसत नाहीत. आईबाबांना रविवारचं पान दाखव, त्यावर दोन आकडे: २० पैकी किती, आणि ४७ पैकी किती. मधल्या दिवसांत विचारायचं नाही असं एकदा बोलून घे.

सगळंच लवचिक करू नकोस. उठण्याची वेळ, झोपेचे सात तास आणि फोन बाहेर ठेवण्याची वेळ पक्की हवी; पहाटे ५ ला उठून कॉलेजात पेंगण्यात काही अर्थ नाही. आणि एक अपवाद: वर्ष गॅप घेऊन दिवसभर घरी अभ्यास करणाऱ्यांना ही पद्धत जशीच्या तशी देऊ नये. ज्यांच्या दिवसाला कॉलेज-क्लासचे खुंटे आहेत त्यांना मोकळीक पेलते. ज्यांचा सगळा दिवसच मोकळा, त्यांना सकाळी ९ ला अभ्यासिकेत पोचणं आणि तिथून १ ला उठणं असे दोन-तीन पक्के खुंटे ठोकून द्यावे लागतात, मगच मधला भाग सैल सोडता येतो.

लेखी परीक्षेच्या आधीचे शेवटचे तीन-चार आठवडे मात्र घड्याळ परत आण. सकाळच्या सत्रातला पेपर ११ ला सुरू होतो आणि शेवटची १० मिनिटं जादा धरून २.१० ला संपतो. एक दिवसाआड बरोबर ११ ला बसून पूर्ण पेपर हाताने लिही, पाणी-खाणंही त्या वेळेप्रमाणे. जेवून दुपारी झोपण्याची सवय असेल तर दीडच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात, आणि लाँग आन्सर्स बहुतेकांच्या पेपरात त्याच वेळेला येतात. पेपर तपासून चुकांची जी यादी निघेल ती दुसऱ्या दिवशीच्या बैठकांत, पुन्हा आपल्या जुन्या पद्धतीने. बोर्ड संपल्यावर सीईटीपर्यंत जो काळ मिळतो तिथेही तसंच, फक्त पेपर संगणकावर आणि मध्ये न उठता सलग १८० मिनिटांचा: आधी फिजिक्स-केमिस्ट्रीची ९०, मग मॅथ्सची ९०.